पहिला चित्रपट आणि स्पर्धेतला नट: ‘कमी कर’ म्हणजे नेमके काय करायचे?

फोंडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षे काम केले ते गोव्याच्या कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेत आणि गावोगावच्या जत्रांत. आता चित्रपटात भूमिका मिळाली आहे. सत्तरी तालुक्यातल्या जुन्या घरातला बाप, जमिनीच्या वाटणीवरून भावाशी बोलणे तुटलेले, घरात बारा वर्षांची मुलगी. १४ सीन, ११ दिवस, नोव्हेंबर-डिसेंबर. संवाद जागेवरच रेकॉर्ड होणार.

वाचनाच्या वेळी दिग्दर्शक एकच सूचना देतात: “कमी कर.” आवाज कमी केला की म्हणतात मेला, चेहरा कमी केला की म्हणतात दगड झालास. मग कमी करायचे ते काय?

दुसरे, पहिल्याच दिवशी शेवटचे भांडण घेणार आहेत आणि भांडणाचे मूळ असलेला सीन आठव्या दिवशी. नाटकात पहिल्या अंकापासून चढत जायची सवय. इथे पट्टी कुठे धरायची?

तिसरे, एका सीनमध्ये बाप मुलीच्या थोबाडीत मारतो. ते पटत नाही. पहिल्याच चित्रपटात नटाने असे बोलून दाखवावे का?

आणि शेवटचे. नोकरी सरकारी शाळेत. त्याच महिन्यात गावची जत्रा, तिथले नाटक ठरलेले. निर्माता म्हणतो मानधन थोडके देतो, नफ्यात वाटा घे. करार अजून आलेला नाही.

---

कातरकाम

अभिनंदन. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबलचक आहे, कारण तिथेच बहुतेक नाटकवाले अडकतात.

‘कमी’ म्हणजे भावना कमी नव्हे, तर ती पोचवण्याचा खटाटोप कमी. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात शेवटच्या रांगेपर्यंत रागाचा अर्थ पोचवायला मान, खांदे, आवाज, सगळे लावावे लागते. चित्रपटात ते अंतर कॅमेरा कापतो. म्हणून प्रत्येक शॉटआधी कॅमेरा असिस्टंटला दोन गोष्टी विचारा: लेन्स कुठली, आणि फ्रेम कुठे कापते? यात लाजण्यासारखे काही नाही, जुने नटही विचारतात. कंबरेपासून वर असेल तर हात दिसतात, ते बोलू शकतात. खांद्यापासून वर असेल तर हातवारे वाया जातात, उलट खांदे हलल्यामुळे चेहरा उगाच डुगडुगतो. कपाळ ते हनुवटी एवढीच फ्रेम असेल तर भुवया उचलणे हीसुद्धा मोठी हालचाल. वाइडमध्ये (लांबून घेतलेल्या शॉटमध्ये) मात्र उलटे होते. तिथे ‘कमी’ करून उभे राहिलात तर राजांगणाच्या (घरातल्या चौकाच्या) खांबात आणि तुमच्यात फरक दिसणार नाही. वाइडमध्ये नाटकातले शरीर खुशाल वापरा.

आता फोकस. फुल फ्रेम कॅमेरा, ८५ मिमी लेन्स, ॲपर्चर एफ २, अंतर पाच फूट: यात जेमतेम दीड इंच खोलीचा पट्टा तीक्ष्ण असतो. नाटकवाला वाक्यावर जोर द्यायला पुढे झुकतो. तो झुकला की डोळे फोकसबाहेर आणि कान तीक्ष्ण. टेक सुंदर झाला तरी संकलनाच्या टेबलावर तो फेकावा लागतो. झुकायचेच असेल तर तालमीत झुका, म्हणजे फोकस पुलर (फोकस सांभाळणारा) त्याची खूण करून ठेवतो. नाहीतर वजन मागच्या पायावर ठेवा.

जमिनीवरच्या टेपच्या खुणेकडे चालत येताना खाली बघणे हाही नेहमीचा घोटाळा. उपाय सोपा: खुणेवर उभे राहा, तिथून उलट्या पावलांनी सुरुवातीच्या जागेपर्यंत जा, पावले मोजा. टेकमध्ये तेवढीच पावले टाका. जमत नसेल तर खुणेवर छोटी वाळूची पिशवी ठेवायला सांगा, पायाला लागली की थांबायचे.

क्लोजमध्ये (चेहऱ्याच्या जवळच्या शॉटमध्ये) समोरच्याच्या एकाच डोळ्यात बघा, कॅमेऱ्याला जवळ असलेल्या. दोन्ही डोळ्यांत आलटून पालटून बघितले तर पडद्यावर बुबुळे भिरभिरतात आणि माणूस खोटारडा वाटतो. खोटे बोलणाऱ्याची भूमिका असेल तर ते वापरता येईल, पण ठरवून.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. एकट्याच्या क्लोजमध्ये समोरच्याचे वाक्य तोडू नका, भांडण असले तरी. दोन आवाज एकमेकांवर चढले की आम्हाला तिथे कापता येत नाही. अर्धा सेकंद जागा सोडा, भांडणाचा वेग आम्ही टेबलावर आणतो. दोघे एकाच फ्रेममध्ये असतील तेव्हा हवे तेवढे तोडा.

---

कंटिन्युइटीवाली

कातरकाम यांच्याशी सहमत. क्रमाबद्दल थोडे.

नटाने स्वतःची वही ठेवावी, दिग्दर्शन विभागाच्या नोंदींवर विसंबू नये. आधी १४ सीन कथेच्या क्रमाने लिहा. प्रत्येकासमोर कथेतला दिवस, वेळ, आधी काय घडले, पात्राला अजून काय माहीत नाही, शरीराची अवस्था (जेवला आहे का, चालून आला आहे का, घाम, दम) आणि रागाची पट्टी दहापैकी किती. मग त्याच सीनची यादी शूटिंगच्या क्रमाने करा. कॉलशीट (दुसऱ्या दिवशीच्या शूटिंगचे वेळापत्रक) आदल्या संध्याकाळी येते आणि बदलते, म्हणून दुसरी यादी पेन्सिलने.

‘अजून काय माहीत नाही’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्या बाबतीत मूळ सीन आठव्या दिवशी, म्हणजे सात दिवस भांडून झाल्यावर तुम्हाला भावाशी सलोख्याने बोलायचे आहे. शेवट ठाऊक असलेला नट तिथे नकळत कडवट बोलतो. आणि शेवटचे भांडण पहिल्या दिवशी असल्यामुळे तिथे दहा वापरून टाकू नका. दिग्दर्शकाकडे एक टेक आठचा, एक पाचचा मागा. बाकीचा चित्रपट शूट झाल्यावर कुठला बसतो ते संकलक ठरवेल. पहिल्याच दिवशी सगळे दहाचे टेक दिले तर पुढचे सगळे दिवस त्या दहाला बांधलेले.

मॅचिंग. मास्टर शॉटमध्ये (पूर्ण सीन एकत्र घेतलेल्या शॉटमध्ये) जे कराल ते पुढे सगळ्या अँगलमध्ये तसेच करावे लागते. समजा पेज आणि आंब्याची तोरं (मिठातल्या कैऱ्या) खात बोलायचा सीन आहे. मास्टरमध्ये उत्साहाने सात घास घेतले, मग तुमचा मिड, तुमचा क्लोज, भावाच्या खांद्यावरून, प्रत्येकी चार-पाच टेक. दुपारपर्यंत पोट फुटेल आणि खारट तोरांनी घसा बसेल. म्हणून तालमीतच ठरवा: सीनभरात दोन घास, एक तोर, आणि कुठल्या शब्दावर. वहीत असे लिहा: “‘सर्व्हे नंबर’ला डावा हात वाटीला. ‘बाबांनी’ला घास तोंडाजवळ, खात नाही. भाऊ उठला की वाटी सरकवणे, उजव्या हाताने.” हालचाल शब्दाला बांधली की आपोआप जुळते. भावनेला बांधली की प्रत्येक टेकला वेगळी पडते, आणि संकलकाला हातातली वाटी गायब झालेला शॉट मिळतो.

बाह्या किती दुमडल्या, वरचे बटण, चष्मा, जानवे बाहेर की आत, केसांचा भांग: टेक संपल्यावर हलू नका, फोटो काढू द्या. स्वतःच्या मोबाइलने मॉनिटरचे फोटो मात्र काढू नका, बहुतेक करारांत त्याला मनाई असते.

---

बूमवाला

आवाजाचे दोन शब्द, कारण सिंक साउंड (जागेवरच रेकॉर्ड होणारा आवाज) म्हटल्यावर नट घाबरून कुजबुजायला लागतात.

कुजबुज नको. समोरचा माणूस तीन फुटांवर आहे ना, तीन फुटांवरच्या माणसाशी बोला. तालमीत जेवढा आवाज तेवढाच टेकमध्ये. तालमीत पुटपुटून टेकमध्ये गर्जना केली तर लेव्हल चुकते. ओरडायचे असेल तर सांगा, “या वाक्याला ओरडणार आहे.” एवढे पुरते.

लेपल माइक छातीवर, कपड्याच्या आत चिकटवलेला असतो. कांजी केलेला सदरा, रेशीम, गळ्यातली साखळी, जानवे, सगळे त्याच्यावर घासते. वेशभूषा ठरतानाच मऊ, धुतलेले सुती कापड मागा. छातीवर हात मारून “ही माझी जमीन” म्हणणे माइकच्या दृष्टीने स्फोट आहे, हात पोटाजवळ ठेवा. आणि माइक लावलेला असताना जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शकाबद्दल जे बोलाल ते रेकॉर्डिस्ट ऐकत असतो. त्याला सांगून बंद करून घ्या.

गोव्यातल्या जुन्या घरात शूट म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पों पों, मग मासळीवाल्याचा हॉर्न, मग देवळातला स्पीकर. हे थांबवता येत नाही, वाट बघावी लागते. त्या थांबण्यात नटाची ऊब जाते. अशा वेळी जागेवरून उठून गप्पा मारायला जाऊ नका. पंखा आणि फ्रिज बंद असतो, उकडते, रुमाल मेकअपवाल्याकडे मागा. (अवांतर: फ्रिज बंद करणारा आपल्या गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवतो, म्हणजे पॅकअपनंतर तो पुन्हा चालू करायला विसरत नाही. ती चावी कोणी हलवू नये.)

डिसेंबरातही एखादी सर आली आणि वर मंगलोरी कौले असली तर संवाद गेलाच. अशा वेळी टेक संपल्यावर लगेच, त्याच जागी, त्याच दमात नुसते संवाद बोलून घ्यायला सांगा. याला वाइल्ड ट्रॅक म्हणतात. महिन्याभराने डबिंगच्या खोलीत तो दम परत येत नाही. डबिंग करावेच लागले तर तीन बीप येतात, चौथी वाजत नाही, तिथे बोलायला सुरुवात. सीनमध्ये वाकून बोलला असाल तर तिथेही वाका, खुर्चीत बसून तो आवाज निघत नाही.

---

पाठांतरवाला

एक मुद्दा सुटला. संवाद सपाट पाठ करा, चाल न लावता. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना. स्पर्धेच्या नाटकात महिनाभर तालमी होऊन प्रत्येक वाक्याची चाल पक्की होते, आणि समोरच्याने वेगळे बोलले तरी आपली चाल बदलत नाही. कॅमेरा ते लगेच पकडतो. शिवाय आदल्या रात्री वाक्ये बदलून येतात, चालीसकट पाठ केलेला नट तिथे अडखळतो.

---

कातरकाम

@पाठांतरवाला, अर्धे मान्य. पाच-सहा मिनिटांचा एकच सलग टेक असेल तर चाल आणि लय आधी बसवावीच लागते, तिथे कापायची सोयच नसते. दिग्दर्शकाला विचारून ठेवा की कुठले सीन सलग घेणार. तेवढ्यांना नाटकासारख्या तालमी मागा, बाकीचे सपाट.

भाषेचेही विचारून घ्या. बाप सत्तरी तालुक्यातला असेल तर गोव्यातल्या मराठीचा हेल ठेवायचा की पुसायचा, हे पहिल्या दिवसाआधी ठरले पाहिजे. अर्ध्या सीनमध्ये हेल आणि अर्ध्यात पुणे, असे पडद्यावर फार वाईट ऐकू येते.

---

कंटिन्युइटीवाली

थोबाडीबद्दल. दोन वेगळे प्रश्न आहेत: मारावे का, आणि मारायचे ठरले तर कसे.

मारावे का, हे बोलायची वेळ करारापूर्वीची, वाचनाची. सेटवर पन्नास माणसांसमोर नव्हे. “मला पटत नाही” असे म्हणू नका, त्यावर दिग्दर्शकाला उत्तर देता येत नाही. विचारा: ही थोबाडीत बसल्यामुळे पुढच्या कुठल्या सीनमध्ये काय बदलते? मुलगी नंतर काकाकडे निघून जाते आणि त्याचे कारण हेच असेल, तर ती पटकथेची गरज आहे. काहीच बदलत नसेल तर पर्याय घेऊन जा. हात उगारतो आणि तोच हात खुंटीवरच्या पंचाकडे जातो. किंवा मारत नाही, ताट उचलून आत जातो. दोन्ही करून दाखवा, पण आधी दिग्दर्शकाचे मनापासून करा. अर्धवट करून “बघा, जमत नाही” म्हणणाऱ्याचे पर्याय कोणी ऐकत नाही.

मारायचे ठरले तर हात लागत नाही. कॅमेरा मुलीच्या खांद्यामागे किंवा तुमच्या पाठीमागे, म्हणजे हात आणि गाल यांच्यातली फट लेन्सला दिसत नाही. हात गालापासून वीतभर तरी लांबून जातो, ती ठरलेल्या क्षणी मान वळवते. आधी पावपट वेगाने सात-आठ वेळा, मग अर्ध्या, मग पूर्ण. आवाज नंतर टाकतात, म्हणून नाटकातल्यासारखी बाजूला टाळी वाजवायची गरज नाही. “एकदाच खरी मार, रिॲक्शन छान येईल” असे कोणीही म्हटले तर नाही म्हणा.

मुलगी बारा वर्षांची म्हणजे २०१७ चे बालकामगार नियम लागू. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तिच्या मोबदल्यातले किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावे मुदत ठेवीत. ही जबाबदारी निर्मात्याची, पण तुमच्यावर परिणाम असा की तिचे क्लोज आधी संपवतील आणि तुमचे रिकाम्या जागेकडे बघून होतील. तेव्हा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर टेप लावून घ्या. नाहीतर तुमची नजर मोठ्या माणसाच्या उंचीवर जाते आणि शॉट जुळत नाही.

---

कलम ३८

करार सेटवर पोचल्यावर सही करायला देतात, तेव्हा न वाचता सही होते. आत्ताच मागा.

नफ्यातला वाटा विसरा. छोट्या मराठी-कोकणी चित्रपटात ‘नफा’ कागदावर कधी उगवतच नाही, कारण खर्च आधी वजा होतात आणि ते किती हे निर्माता सांगणार. मानधन थोडे उशिरा घ्यायची तयारी असेल तर ठरलेला आकडा आणि ठरलेली तारीख लिहून घ्या. नटाने चित्रपटाच्या धंद्यात उतरणे आपल्याकडे नवे नाही. मंगेशीच्या मास्टर दीनानाथांची बळवंत संगीत मंडळी, १९१८ साली निघालेली, नाटकांच्या जोरावर भरभराटीला आली होती. १९३० च्या दशकात चित्रपटनिर्मितीत शिरली आणि आर्थिक अडचणीत आली. एवढ्या नावाच्या माणसाची ही गत.

पैसे तीन टप्प्यांत: सहीला, शूटिंगच्या मध्यावर, आणि शेवटचा हप्ता डबिंगच्या आधी. प्रदर्शनानंतर असे लिहिले असेल तर खोडा. डबिंग झाल्यावर तुमच्या हातात काही उरत नाही. १० टक्के टीडीएस कापला जातो, पॅन दिला नाही तर २०. कापलेला पैसा तुमच्या पॅनवर जमा दिसतो का, ते बघत राहा.

करारात आणखी हवे ते: शिफ्ट १२ तासांची आणि त्यावर काय, शूट रद्द झाल्यास काय, पॅचवर्कचे (राहिलेले शॉट नंतर घेण्याचे) दिवस किती आणि त्यांचे पैसे, राहणे-प्रवास (२० नोव्हेंबरच्या सुमारास इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असते, पणजीत खोली मिळणे मुश्कील, सत्तरीच्या जवळ राहायची सोय मागा), आणि चेहरा किंवा आवाज यंत्राने तयार करून वापरायला वेगळी लेखी परवानगी लागेल असे एक वाक्य.

श्रेयनामावलीत नाव, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत कसे, हे करारात लिहा. ही नुसती हौस नाही. कॉपीराइट कायद्यात चित्रपटातले किरकोळ काम करणारा, ज्याचे नाव रिवाजाप्रमाणे कुठेच येत नाही, तो जवळजवळ ‘कलावंत’ धरलाच जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम ३८अ म्हणते की लेखी संमती देऊन चित्रपटात काम केले की, करारात वेगळे नसेल तर, निर्मात्याच्या वापराला हरकत घेता येत नाही, मात्र व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा हक्क राहतो. ३८ब ने प्रतिष्ठेला बाध आणणारी मोडतोड थांबवता येते. पण संकलनात किंवा लांबी बसवायला सीन कापला तर ती मोडतोड नव्हे, असेही तिथेच स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा १४ चे ९ सीन झाले तर भांडायला जागा नाही.

नोकरी: केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला नियम १५ बघा. अधूनमधून केलेले कलात्मक काम पूर्वपरवानगीशिवाय चालते, पण कर्तव्यात खोट येता कामा नये. मोबदला घेऊन ११ दिवस म्हटल्यावर मुख्याध्यापकांमार्फत शिक्षण खात्याला लेखी अर्ज करून परवानगीच घ्या. रजेचा अर्ज वेगळा, त्यात खरे कारण लिहा. आजारपणाच्या रजेवर असलेल्या शिक्षकाचा फोटो पोस्टरवर आला तर काय होईल ते सांगायला नको.

---

पाठांतरवाला

घरचे कोणी लिहिले नाही. कॉल सहाचा असतो, जेमतेम पाच तास झोपलेले डोळे क्लोजमध्ये सुजलेले दिसतात. जत्रेच्या तालमी रात्री एकपर्यंत चालतात. दोन्ही एकाच आठवड्यात जमणार नाही, घसाही टिकणार नाही. शूटिंगच्या ११ दिवसांत तालमीला येणार नाही, असे गावच्या मंडळीला आजच सांगा, जत्रेच्या तोंडावर नको. घरीही कॉलशीट फ्रिजवर लावा. भांडणाचा सीन करून थेट घरी जेवायला बसू नका. कपडे लोकेशनवर बदला, मेकअप तिथेच काढा, अर्धा तास जाऊ द्या. बापाचा राग घरच्या मुलांवर निघायला वेळ लागत नाही.

---

फोंडेकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, वही आजच सुरू. एक राहिले. चित्रपटात दहा-बारा दिवसांची वाढलेली दाढी ठेवायला सांगितली आहे. जत्रेचे नाटक शूटिंगच्या मध्ये, सुट्टीच्या दिवशी येते, आणि त्यात राजा आहे, तुळतुळीत गाल आणि वर चिकटवलेली मिशी. काय करावे?

---

पेडणेकर

बाब, दाढी करायची नाही. एकदा काढली की दहा दिवस कंटिन्युइटी गेली, आणि ‘लूक’चे कलम करारात असेलच. खुंटांवर गोंदाची मिशी चिकटत नाही, घामाने दुसऱ्या अंकात ओठावरून लोंबते. ओढून काढताना खालचे केस आणि कातडे दोन्ही निघते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सेटवर लाल ओठ. दाढीवर जाड पॅनकेक मेकअप फासून गाल गुळगुळीत करायच्याही भानगडीत पडू नका, दिव्यात हिरवट दिसते आणि पुरळ येते.

मंडळीला सांगून भूमिकांची अदलाबदल करा, ऋषी मागून घ्या. दशावतारात वापरतात तशी कानामागे दोरीने बांधायची दाढी घाला, गोंद लागतच नाही. दोरी केसांच्या टोपाखाली जाते. आतून मलमलीची पट्टी शिवून घ्या म्हणजे खुंट टोचत नाहीत. बोलताना हनुवटीवर वर-खाली होत असेल तर दोरी घट्ट करू नका, जबडा उघडून बांधा.